आधी मामा शोधा

मी लग्नं लावते. असं सांगितलं की निम्मे लोक विचारतात, "म्हणजे जमवता का?" जमवत नाही, लावते. समोर पाटावर बसून, पोथी उघडून. पुण्यात हे नवलाचं राहिलेलं नाही. उद्यान कार्यालयाच्या थत्तेमामांनी सत्तरच्या दशकातच बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली आणि पुढे ज्ञानप्रबोधिनीतून कितीतरी जणी तयार झाल्या. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर यात पडले, त्याला आता सोळा वर्षं होतील. मुलं मला गुरुजी म्हणतात, त्यांच्या आया काकू म्हणतात, आणि केटरर "मॅडम, अजून किती वेळ?" एवढंच म्हणतो.

सुरुवातीला माझ्या वहीत देशपांडे-कुलकर्णी, फार तर जाधव-शिंदे असायचे. आता चारातलं एक लग्न तरी असं येतं की एक घर आपलं आणि दुसरं चेन्नईचं, कोलकात्याचं, नाहीतर राजकोटचं. ही लग्नं मला कोणी शिकवली नव्हती. चुकतमाकत जे कळलं ते वहीच्या मागच्या पानांवर लिहीत गेले. त्यातलंच थोडं इथे.

१. मुहूर्त कितीचा हे नंतर, मुहूर्त कशाचा हे आधी

आपल्याकडे मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाजंत्री वाजते. पत्रिकेवर छापलेली वेळ ती हीच. तमिळ घरात ती वेळ ताली बांधण्याची. त्या क्षणी नादस्वरम् आणि तविल इतकं जोरात वाजवतात की कोणाची शिंकसुद्धा ऐकू येऊ नये. त्याला गेट्टी मेळम् म्हणतात. तेलुगू घरात जिरं आणि गूळ एकत्र वाटून तो गोळा वधूवरांनी एकमेकांच्या डोक्यावर ठेवायचा, तो त्यांचा मुहूर्त.

हे मला माहीत नव्हतं. मुलगी साताऱ्याची, मुलगा विजयवाड्याचा. मुहूर्त १० वाजून ४२ मिनिटांचा. शेवटचं मंगलाष्टक चालू असताना मुलाची आजी विड्याच्या पानावर जिरं-गूळ घेऊन बोहल्यावर चढली. मी मंत्र न थांबवता हाताने तिला "जरा थांबा" अशी खूण केली. अंतरपाट सरकला, अक्षता पडल्या, आमच्या बाजूला टाळ्या. तिकडची सगळी माणसं मात्र घड्याळाकडे बघत होती. वेळ टळली होती. आजी बोलली काहीच नाही, पण तिच्या बोटांमधून गुळाचं पाणी मनगटापर्यंत ओघळत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

गंमत म्हणजे त्यांच्याकडेही मधे पडदा धरतातच, आणि तो धरलेला असतानाच जिरं-गूळ ठेवतात. म्हणजे वाट आयती होती, मी विचारलं असतं तर. आता तेलुगू घर असलं की शेवटच्या "सावधान"नंतर अंतरपाट तसाच धरून ठेवायला सांगते. दोघं कापडावरून हात नेऊन गोळे ठेवतात आणि मग अंतरपाट जातो. दोन्ही मुहूर्त एका मिनिटात मावतात.

२. सप्तपदी म्हणजे सात फेरे नव्हेत

हे मी जवळपास प्रत्येक लग्नात सांगते आणि जवळपास प्रत्येक लग्नात कोणीतरी "फेरे कधी आहेत?" विचारतंच. हिंदी सिनेमाने आपलं हे एक नुकसान करून ठेवलं आहे. सप्तपदी म्हणजे पावलं. होमाच्या उत्तरेला तांदळाच्या सात लहान राशी मांडायच्या आणि वधूने वराबरोबर एकेकीवर पाऊल टाकत पुढे जायचं. प्रदक्षिणा वेगळी, ती लाजाहोमाबरोबर. गुजराती घरात मंगलफेरे चार. शीख लग्नातही लावां चारच, पण त्या गुरू ग्रंथ साहिबाभोवती, अग्नी नसतोच.

१९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमात स्पष्ट आहे: ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे त्यांचं लग्न सातवं पाऊल पडलं की पूर्ण होतं. २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेतलं तर ते त्या कायद्याखालचं लग्न ठरत नाही. आता आपल्या कार्यालयांतला देखावा डोळ्यांपुढे आणा. अक्षता पडल्या की पाचशे माणसं जेवायला पळतात. कायद्याने लग्न लागतं तेव्हा मांडवात मी, वधूवर, करवली आणि एखादा आजोबा असतो. बाकी सगळे मठ्ठ्याच्या रांगेत. फोटोग्राफरसुद्धा.

३. काय काय येणार आहे, त्याची यादी मागवा

मुलगी कर्वेनगरची, घर कट्टर शाकाहारी. मुलगा कोलकात्याचा, नोकरी खराडीला. हळदीच्या दिवशी सकाळी साडेआठला मी त्यांच्याकडे पुण्याहवाचनाची मांडणी करत होते. बेल वाजली. मुलाचे भाऊ-बहिणी सजवलेली ताटं घेऊन दारात: साड्या, मिठाई, अत्तर, आणि एका वाटीत वराच्या अंगाला लावून आलेली हळद. ही तर आपली उष्टी हळदच, म्हणून सगळ्या बायका खूश. ताटांना ते तत्त्व म्हणतात. शेवटचं ताट सगळ्यांत मोठं, वर लाल ओढणी. मुलीच्या काकूने कौतुकाने ओढणी उचलली.

आत रोहू मासा. चांगला तीन-साडेतीन किलोचा. त्याला लाल साडी नेसवलेली, कपाळाला सिंदूर, तोंडात विड्याचं पान, आणि मराठी घरात जायचंय म्हणून मुद्दाम शोधून आणलेली खोट्या मोत्यांची नथ. गणेश पेठेच्या मासळी बाजारातून पहाटे आणून दोन बहिणींनी तासभर बसून ती नवरी सजवली होती. काकूने ओढणी परत टाकली. दारातली पोरं हसऱ्या तोंडाने उभी आणि घरात पिनड्रॉप शांतता. माझ्याकडे सगळे असे बघायला लागले की जणू पोथीत याला उतारा असणार.

आतून आजीने हाक मारली, वय वर्षं चौऱ्याऐंशी. "कोण आलंय गं?"

"मासा आहे, आई."

"मासा?"

"साडी नेसवलेला."

थोडा वेळ काही नाही. मग, "नथ आहे?"

"आहे."

"मग तिला उंबऱ्यात काय उभी केलीय? आत घ्या."

आजी बाहेर आली, दारातच त्या माशावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, कुंकू लावलं, पोरांच्या हातावर साखर ठेवली. माशाला हात लावला नाही, पण ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. नंतर ते ताट शेजारच्या सीकेपी काकूंकडे गेलं आणि त्या दिवशी त्यांच्या मजल्यावर चार वाजेपर्यंत वास होता म्हणतात. मला विचाराल तर त्या लग्नात सर्वांत चोख पौरोहित्य आजीने केलं. तेव्हापासून दोन्ही घरांना मी आठ दिवस आधी बसवते आणि कोणाकडून काय येणार, कच्चं की शिजलेलं, जिवंत की मेलेलं, सगळं लिहून घेते. माझी चेष्टा होते. होऊ दे.

४. विधी कापला की माणूस कापला जातो. म्हणून आधी मामा शोधा

हा धडा मला सर्वांत महाग पडला. तमिळ मुलगी, मराठी मुलगा, हॉल दुपारी दोनपर्यंतच. कार्यक्रम आखणाऱ्या तरुणाने माझ्यापुढे तक्ता ठेवला: एकूण नव्वद मिनिटं. "काय गाळता येईल?" मी पोथीतल्या नजरेने बघितलं आणि म्हटलं, ऊंजल गाळा. वधूवरांना झोपाळ्यावर बसवून बायका गाणी म्हणतात, त्यांच्या पायांना दूध लावतात, हळदीकुंकवाने रंगवलेल्या भाताचे गोळे दृष्ट काढल्यासारखे ओवाळून चारी दिशांना टाकतात. त्यात मंत्र जवळजवळ नाहीतच. मंत्र नाही म्हणजे गाळायला हरकत नाही, असा माझा हिशोब.

लग्न वेळेत आटपलं. हात धुवायला गेले तर बेसिनपाशी मुलीची आत्या उभी होती, कुंभकोणमहून आलेली. तिच्या हातात स्टीलचा डबा. तिने झाकण उघडून मला आतलं दाखवलं. एकसारखे वळलेले लाल-पिवळे भाताचे गोळे. पहाटे चारला उठून केलेले. रागावली नव्हती. मोडक्या इंग्रजीत एवढंच म्हणाली की आमच्याकडे मुलीच्या लग्नात आत्याला हे एवढंच काम असतं. मग डबा बंद करून पिशवीत ठेवला.

पोथी विधीचा क्रम सांगते. त्या विधीमुळे कोणत्या नात्याच्या हाताला काम मिळतं, हे पोथीत नसतं. पण घरातली माणसं लग्नाला येतात ती त्या कामासाठी. आपल्याकडे लाजाहोमात लाह्या भाऊ घालतो, मग तोच जावयाचा कान पिळून कपडे वसूल करतो. करवली मागे दिवा घेऊन उभी राहते. तमिळ लग्नात तालीची पहिली गाठ नवरा मारतो आणि उरलेल्या दोन गाठी त्याची बहीण. नणंदेला पहिल्याच दिवशी काम! बंगाली मुलीला पाटावर बसवून, तोंडापुढे विड्याची पानं धरलेली अशी, भाऊ उचलून वराभोवती सात वेळा फिरवतात. पाटासकट तोल सांभाळणारे ते चार घामाघूम भाऊ एकदा बघाच. गुजराती सासू जावयाचं नाक पकडते. आपण कान पकडतो, ते नाक. प्रांत बदलला तरी जावयाला पकडायचं ठरलेलं आहे.

आणि मामा! मामा कुठेही जा, असतोच. आपल्याकडे मामा मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत मागे उभा राहतो. पिवळी अष्टपुत्रीही बहुधा त्याच्याकडची. तमिळांकडे माळा घालताना मामा भाचीला चक्क खांद्यावर उचलतो. गुजराती नवरीचं पानेतर मामाकडून येतं, मारवाड्यांचा मायरा मामा भरतो. आईचं माहेर लग्नात उभं राहतं ते त्याच्या रूपाने. म्हणून आता पहिल्या बैठकीत मी देवक-कुळाचार नंतर विचारते. आधी विचारते, "तुमच्याकडे मामाचं काम काय?" मामाचं कळलं की आत्याचं, काकाचं, वहिनीचं आपोआप बाहेर पडतं. गाळायचंच असेल तर मी माझे मंत्र गाळते.

५. केरळचं लग्न असेल तर गाडी लावत बसू नका

नायर घरातलं लग्न. आमच्याकडची मंडळी पुण्याहून त्रिशूरला गेली. पंधरा मिनिटं उशीर म्हणजे आपल्या हिशोबाने वेळेत. ताली, हार, वराने वधूला वस्त्र देणं, आणि झालं. मुलाचे काका पार्किंगमधून आले तेव्हा लोक केळीच्या पानांवर सद्य जेवायला बसले होते. परतीच्या गाडीत दोन दिवस एकच विषय: "पण मंगलाष्टकं?" त्याहून मोठा विषय नवरीच्या साडीचा. सोनेरी काठाची पांढरी कसवू. आपल्याकडच्या एका मावशी कानात म्हणाल्या, "लग्नात पांढरं?" मी त्यांना त्यांच्याच घरातल्या मुंडावळ्यांचे पांढरे मोती दाखवले. पटलं नाही त्यांना.

६. कन्यादानावर भाषण देऊ नये

आजकाल बरीच जोडपी सांगतात, कन्यादान नको. मी वाद घालत नाही. जोतिरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि पुरोहिताशिवाय लग्नं लावली, वधूवरांनी एकमेकांना वचनं द्यायची मंगलाष्टकं स्वतः रचली. तमिळनाडूत १९६७च्या दुरुस्तीने भटजी-अग्नी नसलेली सुयमरियादै लग्नं कायदेशीर झाली. माझ्यासारख्या पोथीवालीने हे माहीत नसल्यासारखं वागू नये. माझं मत विचाराल तर "दान" हा शब्द मलाही खुपतो, पण बापाला त्या वेळी काहीतरी करायला हवं असतं, तेही दिसतं.

एकदा मुलगी कोल्हापूरची आणि मुलगा अय्यर. त्यांच्या पद्धतीत ताली बांधताना वधू वडिलांच्या मांडीवर बसते. मुलगी शिकलेली, ठाम. कन्यादान तिने आधीच रद्द केलं होतं. हेही नको म्हणणार असं मी धरून चालले. वडिलांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, तेही आधीच नाही म्हणाले. आयत्या वेळी मुलगी त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बाबा, पेलेल का?" त्या माणसाने उत्तर दिलं नाही. खुर्ची पुढे ओढली, धोतर सावरलं आणि मांडीवर दोनदा थाप मारली, लहान मुलाला बोलवावं तशी. ती बसली. गेट्टी मेळम् सुरू झालं म्हणून बरं, नाहीतर माझा आवाज चिरकलेला सगळ्यांना कळला असता.

७. पाहुणी म्हणून जा, पोथी घरी ठेवून

बँकेतल्या मैत्रिणीच्या मुलाने गोव्याची ख्रिस्ती मुलगी केली, सासष्टीची. तिथे मला काहीच काम नव्हतं, म्हणून नीट बघता आलं. आदल्या दिवशी रोस: नारळाचा रस काढून नवरीच्या अंगाला चोळतात, बायका कोंकणी गाणी म्हणतात. हळदीच्या जागी नारळ ठेवा, बाकी सगळं आपल्या ओळखीचं. चुडा भरण्याचा सोहळा मामाकडे. (बघा, परत मामा!) पूर्वजांच्या नावाने गरिबांना जेवण घालतात.

आणि शेवटी शीम. दोन घरांच्या माणसांमध्ये जमिनीवर फेणीची रेघ ओढायची. अलीकडे हे, पलीकडे ते. मी थबकलेच. आपण आदल्या संध्याकाळी कार्यालयात खुर्चीवर बसवून जावयाचे पाय धुतो, त्या विधीचं नाव सीमांतपूजन. गावाच्या शिवेवर जाऊन वराला सामोरं जायचं, हा त्याचा अर्थ. आपली शीव केव्हाच कार्यालयात आली. तिथे ती अजून जमिनीवर होती, ओली, आणि तिला वासही येत होता.

८. धर्म वेगळे असतील तर आधी कॅलेंडर

१९५४चा विशेष विवाह कायदा. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं, सहीला तीन साक्षीदार. हॉल बुक करून, पत्रिका छापून मग माझ्याकडे येणारी जोडपी असतात. त्यांना चहा देऊन परत पाठवते.

९. मांडवात कोण नाही, ते मोजा

त्या रोहूवाल्या लग्नाचं थोडं सांगायचं राहिलं. सकाळी मराठी पद्धतीने लग्न, रात्री बंगाली लग्न, असं ठरलं होतं. सकाळी अक्षता पडल्या, माळा झाल्या, आणि कन्यादानाला (या घराला ते हवं होतं) पाणी घालायला मुलीची आई हवी, तर ती सापडेना. आपल्याकडे बऱ्याच घरांत मंगलाष्टकांच्या वेळी मुलीची आई मांडवात थांबत नाही, तुळशीपाशी जाऊन बसते. करवलीला पाठवलं, तीही परत येईना. शेवटी मीच उठले.

कार्यालयाच्या मागच्या अंगणात तुळशीपाशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. एकीवर मुलीची आई, दुसरीवर मुलाची. बंगाली आई मुलाचं लग्न बघत नाही. तिला वरच्या खोलीत बसवलं होतं, पण खोलीच्या खिडकीतून मांडव दिसत होता म्हणून ती बिचारी उठून खाली आली होती. करवली दोघींसाठी चहा घेऊन उभी.

"इधर से कुछ दिखता नहीं ना?" ती मला विचारत होती.

"नहीं दिखता," मी म्हटलं, आणि मुलीच्या आईला, "चला, पाणी घालायला."

ती उठली, पदर खोचला, दोन पावलं गेली आणि थांबली. "यांना एकटं सोडून?"

मग आजीला आणून त्या खुर्चीवर बसवलं. हिंदीचा एक शब्द येत नाही तिला. लाउडस्पीकरवर माझा आवाज सुरू झाला तशी, करवलीने नंतर सांगितलं, आजीने त्या बाईचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, "बघायचं नाही ना? मग ऐका. आता ओंजळीत पाणी घातलं. आता मंगळसूत्र. आता तो लबाड कान पिळणार बघा." आणि ती एकेक शब्दाला मान डोलवत राहिली.